मॅचिंगला काय आणलंय?

माझा नवरा वाळूजला कंपनीत आहे. तिथं दिवसभर एकाच मापाचा पार्ट निघतो, त्यामुळं किस्सा म्हणून काही निघत नाही. मग घरी आला की बूट काढता काढता त्याचा पहिला प्रश्न, "हं, आज कोण आलं होतं?"

मी औरंगपुऱ्यात कापडाच्या एका मोठ्या दुकानात मॅचिंगच्या काउंटरला आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, सगळं माझ्याकडं. बाकीच्या दुकानांत लोक वस्तू घ्यायला जातात, आमच्याकडं मात्र डोकं शांत करायला येतात असा माझा अंदाज आहे. "असंच दाखवा, पण वेगळं!" हे रोजचं. एक बाई तर म्हणाली, "पांढराच द्या, पण जरा दुसऱ्या रंगात." मी दिला. ती खूश होऊन गेली. काय दिला ते मला आजही सांगता येणार नाही! अशी गिऱ्हाइकं असल्यावर किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

*

मॅचिंगला नमुना आणावा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. गारखेड्याच्या एक काकू आल्या आणि त्यांनी पर्समधून वांगं काढून काउंटरवर ठेवलं.

मी म्हटलं, "काकू, हे काय?"

"साडी विहीणबाईंकडं आहे, जालन्याला. त्या फोनवर म्हणाल्या, वांगी कलर आहे. मग म्हटलं, अंदाजानं कशाला घ्या!"

मी गुमान वांग्याला वांगी कापड लावलं. अगदी तंतोतंत जुळलं, काकू खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! तोंड हे एवढं. "अगं, कसलं मॅचिंग दिलंस? जरासुद्धा जुळत नाही!"

पर्समधून पुन्हा वांगं निघालं. आज ते हिरवट होतं, वर पांढऱ्या रेघा. मी म्हटलं, "काकू, कालचं वांगं कुठंय?"

काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "कालचं? त्याचं भरीत नाही का केलं!"

*

नवऱ्यांना एकट्यानं मॅचिंगला पाठवणाऱ्या बायकांचं मला कौतुक वाटतं. आशावादी असतात बिचाऱ्या. एका दुपारी असे दोन नवरे शेजारी शेजारी उभे होते. दोघांच्या हातात मोबाइल, दोन्हींवर व्हिडिओ कॉल, दोन्हीकडून ओरडा चालू.

"अहो, तो नाही, त्याच्या बाजूचा! बाजूचा म्हणजे डावीकडचा! तुमचा डावा नाही, माझा डावा!"

दोघंही घामाघूम झाले. शेवटी एकानं मोबाइल काउंटरवर टेकवून ठेवला, दुसऱ्यानंही ठेवला. झालं, दोन्ही बायका समोरासमोर!

"वहिनी, तुमच्याही यांना कळत नाही का हो?"

"काडीचं नाही. मी सांगितलेलं तर ऐकूच येत नाही त्यांना."

"मग असं करू या का? तुम्ही आमच्या यांना सांगा, मी तुमच्या यांना सांगते. परक्या बाईचं बरोब्बर ऐकतात!"

दोघी मिळून कामाला लागल्या. "भाऊजी, उजवीकडचा घ्या," की भाऊजींचा हात उजवीकडं. चहा गार व्हायच्या आत दोघांची खरेदी उरकली. नंतर दोन्ही नवरे बराच वेळ पायरीवर एकमेकांकडं न बघता उभे होते.

*

एक हौशी कुटुंब असंच लक्षात राहिलंय. घरात सत्यनारायण होता. मालकीणबाईंनी निळ्या फुलांचा अख्खा तागा उचलला. घरच्या सगळ्या पुरुषांना त्याचे कुर्ते शिवायचे, आणि उरलेल्याची सोफ्याला कव्हरं. आमचे शेठ गल्ल्यावरून उठून स्वतः बोलायला आले. म्हणाले, "वहिनी, सोफ्याला दुसरं काही बघू या का?" पण त्या ऐकेनात. "नाही, एकदम सेट दिसला पाहिजे!"

पूजेनंतर बाई कव्हरं बदलायला म्हणून आल्या. शेठनी विचारलं, "का हो, सेट नाही दिसला का?"

"फारच सेट दिसला हो! सासरे नवा कुर्ता घालून सोफ्यावर जरा आडवे झाले, अन् यांचे साडूभाऊ येऊन त्यांच्यावर बसले!"

शेठ हसू दाबत म्हणाले, "मग आता वेगळं कापड कुणाला दाखवू? सोफ्याला की आजोबांना?"

"सोफ्यालाच दाखवा. आजोबा काही अंगातला कुर्ता काढायला तयार नाहीत. म्हणतात, लई मऊ आहे!"

*

आमच्याकडं मागच्या बाजूला शिलाई मशीनचा विभाग आहे. तो रफिकभाई सांभाळतात. तोंडानं फटकळ, पण मनानं लोणी. शनिवारी एक बाई मशीन बघायला आल्या. रफिकभाई म्हणाले, "बैठो ना आपा, चलाके देखो. पसंद आया तोच लेना."

बाई बसल्या. पिशवीतून स्वतःचंच कापड काढलं आणि बेतलेला ब्लाउज पुरा शिवून उठल्या. "विचार करून सांगते," म्हणाल्या. पुढच्या शनिवारी आल्या आणि दोन परकर शिवून गेल्या. "चालतंय छान, पण यांना विचारते." त्याच्या पुढच्या शनिवारी फ्रॉक. फ्रॉकला झालर होती!

रफिकभाई माझ्याजवळ येऊन कुरकुरायचे, "ये बाई मशीन ले रही की नौकरी कर रही?" पण बाईंना उठा म्हणायची हिंमत त्यांना होईना.

एकदा बाई शुक्रवारीच आल्या, तेही रिकाम्या हातानं. रफिकभाईंचा चेहरा खुलला. पावतीपुस्तक झटकून म्हणाले, "हां आपा, पक्का हो गया?"

"नाही हो भाई, एवढंच विचारायला आले, उद्या तुमच्याकडं लाइट असेल ना? आमच्याकडं जाणार आहे म्हणे, अन् मी गिऱ्हाइकाला शब्द देऊन बसलेय!"

*

आता सरपंचांचं ऐका.

दुपारची वेळ होती. दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून एक मावशी उतरल्या, आणि मग रिक्षावाला आणि मावशी, दोघांनी मिळून एक मेंढा उतरवला. चांगला थोराड, वळलेल्या शिंगांचा. पायरीवर ठेवला तर जागचा हलेना. पुन्हा उचलून आत आणला.

शेठ गल्ल्यावरून उभे राहिले. "अहो मावशी, जनावर कशाला आणलंय?"

"नमुन्याला," मावशी म्हणाल्या.

त्या सोयगावकडच्या. मालक मेंढरामागं असताना नाल्यात पडले आणि पाय मोडला. दवाखान्याच्या गडबडीत त्यांच्या डोक्याचा पटका कुठं गेला कुणास ठाऊक, अन् तेव्हापासून मेंढरं वाड्यातून निघेनात. मावशी पुढं झाल्या, पोरगं पुढं झालं, पण त्या पटक्याशिवाय कुणाच्याही मागं जाईनात.

"चारा आणून टाकतोय, पर किती पुरंल? पोरगं तुमच्या वाळूजला कामाला, त्याची रजा सरली. ते म्हणतं, इकून टाक. व्यापारी उद्या सकाळी येतोय." मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "मालकास्नी अजून सांगितलं नाय. मी फिरवते की मेंढरं, मला काय झालंय? निस्ता तसा पटका पायजे."

"कोणता रंग होता, मावशी?" मी विचारलं.

"लाल."

"लाल तर लई आहेत. तुम्ही ओळखाल ना?"

"मी वळखीन, पर माज्या वळखण्याचा उपेग काय? ह्यानं वळखला पायजे." त्यांनी मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला. "हे सरपंच हाय. हे उठलं की समदी उठत्यात."

मी लालाचा सगळा कप्पा उतरवला. मावशी एकेक कापड डोक्याला गुंडाळायच्या, तोंडानं मेंढरं बोलवायचा आवाज काढायच्या आणि दुकानभर चालायच्या. कुंकवाच्या रंगाचं झालं, डाळिंबी झालं, विटकरी झालं. सरपंच फरशीवर बसून राहिले. फॉलचं एक पाकीट तेवढं चघळलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून सरपंचांकडं बघत बसली. "हा बघा, हा बघा, कान हलवला!" असा सगळ्यांचा जीव टांगणीला.

कप्पा संपला. मावशींनी डोक्यावरचं शेवटचं कापड सोडलं आणि नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. त्या घडीनं मला फार वाईट वाटलं.

रफिकभाई म्हणाले, "बाहर उजालेमें दिखाओ ना. ट्यूबलाइटमें उसकू क्या समझेगा?"

रफिकभाईंनीच सरपंचांना कवेत घेतलं आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. मी हातात तीन-चार लाल घेऊन मागं. पण सरपंचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मान वर केली आणि ओरडले.

वर आमचा पडदा होता. दुपारचं ऊन तोंडावर येतं म्हणून शेठनी कधीकाळी लाल मलमलीचा तागा दुकानापुढं टांगलेला. किती उन्हाळे खाल्ले असतील त्यानं! आता तो ना लाल, ना गुलाबी, ना विटकरी.

मावशींनी पडद्याचं टोक हातात धरलं. "ह्योच," त्या म्हणाल्या. "ह्योच द्या, शेठ."

"अहो, तो विकायचा नाही! पडदा आहे तो दुकानाचा!"

मावशी सरपंचांकडं बघत राहिल्या. मग शेठनीही बघितलं.

"रफिक, स्टूल आण," शेठ म्हणाले.

पडदा उतरवून, झटकून, पटक्याच्या मापाचा कापला. मावशींनी तिथंच पायरीवर उभं राहून तो डोक्याला गुंडाळला, पदर खोचला आणि मागं वळूनही न बघता औरंगपुऱ्याच्या गर्दीत चालायला लागल्या. तोंडानं तोच आवाज. सरपंच उठले आणि रिक्षा, स्कूटी, हातगाड्या, सगळ्यांच्या मधून मावशींच्या टाचेला नाक लावून चालत गेले. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि तसेच मागं आले! अख्ख्या रस्त्यानं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मावशी पायरी चढून काउंटरला आल्या. पटक्याचं टोक सोडून त्यांनी दोन बोटांत चोळलं, उजेडाकडं धरून बघितलं आणि शेठना एकदम गंभीरपणे विचारलं,

"शेठ, धुतल्यावर रंग जायाचा नाय ना?"