नव्या रिसीव्हरचे हात

मी पस्तिशीला टेकलो होतो तेव्हा एका अमेरिकन माणसाने मला फुटबॉलच्या टीममध्ये घेतलं. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकेतला, दोन्ही टोकांना निमुळत्या चेंडूचा. सिंगापूरला तो हौशी लोक खेळायचे, अंगावर न पडता. कमरेच्या पट्ट्याला फडकी लावायची आणि ज्याच्या हातात चेंडू असेल त्याचं फडकं ओढलं की तो थांबला, एवढाच नियम.

रॅफल्स प्लेसच्या ज्या बँकेत मी सिस्टीम्स सांभाळायचो, त्याच बँकेत हा माणूस बड्या हुद्द्यावर होता. ऑफिसच्या क्रीडादिनाला रिलेत माझ्या हातून बॅटन पडलं. मी ते उचललं आणि तरीही पुढच्या दोघांना मागे टाकलं. तो तंबूतून उठून माझ्याकडे आला.

"आधी काय खेळायचास?"

"खो-खो," मी म्हणालो. ते काय असतं हे मी सांगेपर्यंत त्याचं लक्ष माझ्या पायांवरच होतं.

"मला वाइड रिसीव्हर हवाय," तो म्हणाला. "शनिवारी ये."

वाइड रिसीव्हरने मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खूण झाली की सुसाट सुटायचं आणि मागून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे तो अमेरिकन स्वतः, टीमचा कॅप्टन. पळणं आणि हुलकावणी देणं मला नवं नव्हतं. कॉलेजात दोन खांबांच्या मधे मी भल्याभल्यांना दमवलं होतं. पण खो-खोत हाताने फार तर शिवायचं असतं, झेलायचं काही नसतं, आणि आता नेमकं हातांचंच काम होतं. पहिल्या शनिवारी चेंडू माझ्या छातीवर, खांद्यावर, एकदा थेट कपाळावर आदळला. हातात एकही राहिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात चेंडूचं टोक माझ्या करंगळीशेजारच्या बोटावर बसलं. बोट वाकडं होऊन सुजायला लागलं. मी हात धरून कॅप्टनकडे गेलो. त्याने बोट पाहिलं, बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "चल, परत लाइनवर. त्या हाताने तसंही तू काही करत नव्हतास."

मी परत लाइनवर गेलो. ते बोट आजही सरळ होत नाही.

नव्या खेळाडूचं मोजमाप सगळ्यांसमोर करायची त्या टीमची पद्धत होती. प्रॅक्टिसनंतर सगळे क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमधल्या टेबलांवर, बसायचे. आमचं घर तिथून चार ब्लॉकवर, म्हणून माझी पाळी आली त्या दिवशी बायको मुलीला घेऊन आली होती. बायको विद्यापीठात पोस्टडॉक करत होती. तिच्याच नोकरीमुळे आम्ही त्या भागात राहायचो. मुलगी सहा वर्षांची. दोघी माझ्याशेजारी लिंबाचं सरबत घेऊन बसल्या. कॅप्टन बिअरचा मग घेऊन उभा राहिला.

"पाय," तो म्हणाला, "या लीगमध्ये असे पाय नाहीत. डोकं ठीक आहे, सांगितलेलं लक्षात ठेवतो. आता हात." तो थांबला. टेबलावरचे आधीच हसायला लागले होते. "हात द्यायला विसरलेत. आपण पाय आणलेत, हातांशिवाय. परत करायची सोय नाही, मी विचारून बघितलं."

सगळे हसले. मीही हसलो. हसायचं नाही तर काय करायचं ते मला सुचलं नाही. बायको हसली नाही. मुलीने सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि माझी बाही ओढून शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "बाबा कॅनॉट कॅच, इझ इट?"

"येस, डार्लिंग," टेबलापलीकडून कॅप्टन म्हणाला. "बाबा कॅनॉट कॅच."

तिने ते वाक्य घरी नेलं. मी मिठाची बरणी मागितली तरी, "डोन्ट गिव्ह बाबा, लाह. बाबा कॅनॉट कॅच." तिला शाळेतून आणायला गेलो तर तिच्या बाईंनीही हसून तेच विचारलं.

पुढच्या शनिवारी कॅप्टनने मला बाजूला घेतलं. "तुला मी प्रत्येक सामन्यात खेळवणार आहे," तो म्हणाला. "तू जिवाच्या आकांताने पळायचंस. समोरच्यांची दोन माणसं तुझ्यामागे लागतील, आणि मी चेंडू दुसरीकडे फेकेन."

"मला फेकायचाच नाही?"

"तुला झेलता येत नाही हे त्यांना कळेपर्यंतच तुझा उपयोग आहे. ते कळू द्यायचं नाही."

आणि तसंच झालं. मी पळायचो, दोघं माझ्यामागे धापा टाकत यायचे, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आरामात चेंडू झेलायचा. आम्ही जिंकत गेलो. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मी मैदानाच्या कोपऱ्यात, कोणीच नसलेल्या जागी, कमरेवर हात ठेवून उभा असायचो आणि तिथून चालत परत यायचो.

एके दिवशी बायको म्हणाली, "उद्या सकाळी खाली चल. मी फेकते."

आमच्या ब्लॉकमागे गवताचा एक तुकडा होता. तिथे आम्ही रोज ऑफिसच्या आधी जायला लागलो. तिला आधी धड फेकता यायचं नाही. मग ती ते शिकली, तिच्या स्वभावाप्रमाणे चिकाटीने. एका सकाळी चेंडू हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

"अरे, तू शेवटच्या क्षणी डोळे मिटतोस."

"नाही मिटत."

"मिटतोस. मी पाहतेय ना."

तिने मार्करने चेंडूच्या टोकावर आकडे लिहिले. चेंडू हातात यायच्या आत मी आकडा मोठ्याने सांगायचा. पहिले काही दिवस आकडाही दिसायचा नाही आणि चेंडूही सुटायचा. मग आकडा दिसायला लागला. आकडा वाचण्याच्या नादात डोळे मिटायचं राहून गेलं आणि चेंडू हातात येऊन बसायला लागला. ती डावीकडे फेकायची, उंच फेकायची, मी पाठमोरा असताना फेकायची. मी पळत जाऊन, मान वळवून, आकडा ओरडून झेलायचो. इतका आनंद मला त्या शहरात दुसऱ्या कशाचा झाल्याचं आठवत नाही.

मग मी कॅप्टनला म्हणालो, "माझी परत परीक्षा घे."

प्रॅक्टिस संपल्यावर त्याने घेतली. त्याने जोरात फेकले, वाकडे फेकले, मुद्दाम आखूड फेकले. एखाददुसरा सुटला असेल. बाकी सगळे मी झेलले. त्याने चेंडू काखेत धरला.

"छान," तो म्हणाला. "खरंच छान. पण आता ऐक. झेलणारा रिसीव्हर म्हणून तू पस्तिशीचा, साधारण माणूस आहेस. तसे माझ्याकडे तीन आहेत. न झेलणारा म्हणून तू एकटाच आहेस. आहे ते मी बदलणार नाही."

घरी जाऊन बायकोला मी सांगितलं की परीक्षा चांगली झाली.

शेवटच्या सामन्याला दोघी आल्या होत्या. समोरच्या टीमची कोच सिंगापूरचीच, पन्नाशीची एक बाई होती. पहिल्यांदा पळालो तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझ्यामागे कोणीही नाही. त्यांनी मला मोकळाच सोडला होता. शेवटच्या डावात आम्ही मागे होतो. खूण झाली, मी सुटलो, आणि शेवटच्या रेषेपलीकडे, जिथे चेंडू झेलला की गुण मिळतात तिथे, जाऊन वळलो. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी दोन्ही हात वर केले. कॅप्टनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. स्पष्ट पाहिलं. मग वळून त्याने चेंडू दुसऱ्या कडेला, तिघांच्या घोळक्यात फेकला. समोरच्या टीममधल्या एकाने तो मधल्यामधे पकडला आणि सामना संपला.

"मी मोकळा होतो," मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो.

"दिसलास मला," तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला. "सामना हरणं मला परवडतं. तू चेंडू पाडलास म्हणून हरणं परवडत नाही."

मी कुंपणाशी दोघींकडे गेलो तर ती कोच बाई माझ्याकडेच येत होती.

"तुला ते एकदाही चेंडू का नाही देत?" तिने विचारलं. "एवढा पळतोस. पुढच्या सीझनला आमच्याकडे ये. मी देईन."

"मला झेलता येत नाही," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कसं बाहेर पडलं ते मला माहीत नाही. बाईने माझ्या हातांकडे पाहिलं, "ओके, लाह," म्हणाली आणि गेली.

 मुलगी झोपायला गेल्यावर बायको म्हणाली, "त्याने तुझी जी किंमत केली, ती तू पाठ केलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेंडू घेऊन दाराशी उभा राहिलो. तिने चहा गाळताना मान हलवली, नाही म्हणून. परत आम्ही कधी खाली गेलो नाही.

पुढच्या सीझनच्या आधी कॅप्टनचा मेसेज आला. एक तरुण कॅनेडियन मुलगा मिळाला आहे, तेव्हा जर्सी धुऊन परत कर. मी धुतली, इस्त्री केली आणि त्याच्या सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवली. कोणाकडून म्हणून सांगू, असं तिने विचारलं. मी म्हणालो, त्याला कळेल.

त्यांचा पहिला सामना आमच्या घराजवळच होता. मुलीने हट्ट धरला म्हणून तिला घेऊन गेलो. कॅनेडियन मुलगा माझी जर्सी घालून माझ्याच जागेवरून सुटला, आणि कॅप्टनने पहिलाच चेंडू त्याच्याकडे उंच फेकला. चेंडू हवेत होता तोवर मी मनापासून एकच गोष्ट मागत होतो, की तो याच्या हातून पडावा, सगळ्यांसमोर पडावा. त्याने तो पळता पळता एका हाताने घेतला. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या.