दिवस बुडायच्या आत बाही

मृत्यूला न भिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे सासरे. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्याइतका रिकामा वेळ लाखनीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्यांना मी मामाजी म्हणे. ते जंगलखात्यात नाकेदार होते. एकट्याने नाक्यावर बसून करायचं काय, म्हणून थंड मुलखातून बदलून आलेल्या एका साहेबाच्या पत्नीकडून ते विणकाम शिकले. निवृत्तीनंतर त्याची झळ गावाला लागली. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून ते विती टाकत त्याची छाती मोजत. पंक्चर काढायला थांबलेल्या एका ट्रकवाल्याचं त्यांनी असंच माप घेतलं. तो झडती समजून दोन्ही हात वर करून उभा राहिला. सुरू केलेली ओळ ते मध्येच सोडत नसत. नाक्यावर अस्वल आलं तेव्हाही नाही. "वळ पुरी केली, मंग उठलो. तवरिक अस्वलच कंटाळलं," असं ते सांगत.

आमची मुलगी त्यांच्याकडेच जन्मली. जन्माआधी बाळासाठी काही विणायचं नाही, ही सासूबाईंची सक्त ताकीद. त्यामुळे मुलगी झाल्यावर लोकर आली, आणि स्वेटर बाराव्या दिवशी, बारशाला, घालायचा असं मामाजींनी चारचौघांत सांगून टाकलं. अकराव्या दिवशी दुपारी डावी बाही अर्धी राहिली होती.

घरामागच्या बाडीत, वालाच्या मांडवाशी खाट टाकून मामाजी विणत होते. मांडवात पिवळ्या पट्ट्यांचा एक भलामोठा कोळी जाळं करून बसला होता. "लय जहरी जात हाय, जावईबापू. हा चावला का मानूस दिवस बुडाच्या आत गेला समजा." एवढ्यात लोकरीचा गुंडा वेलात घरंगळला. त्यांनी न बघता हात घातला, आणि कोळी चावला.

मामाजींनी बोटाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग बाहीकडे. मी डॉक्टरला बोलवायला निघालो.

"डागदर बाही इनून देनार हाय काय?"

माझी आरडाओरड ऐकून सासूबाई धानाचं सूप हातात घेऊनच बाहेर आल्या. सारं ऐकून म्हणाल्या, "मरून राहिले त मरा, पन आंधी बाही पुरी करा. मले नाही येत ते."

मामाजी विणत राहिले. बोट सुजलं होतं, कपाळावर घाम होता. भीती नव्हती, फक्त घाई होती, असं ते पुढे सांगत. ती घाई सुयांवर दिसत होती. प्रत्येक टाका ते चोराच्या मुसक्या आवळाव्यात तसा आवळत होते. डॉक्टर गावात नव्हते; मी आणलेल्या कंपाउंडरने बोट पाहिलं, चुना लावला, चहा घेतला आणि निघून गेला. सूर्य टेकला तेव्हा शेवटचा टाका पडला. मामाजी हात जोडून खाटेवर आडवे झाले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हाओ काय मी अजून?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "भात वाढू?"

बारशाला स्वेटर आला. ती आवळलेली बाही उसवून पुन्हा विणा, असं मी सुचवलं. "मरता मरता इनलेलं उसवू काय?" एवढंच ते म्हणाले.

मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्वेटर आमच्या ट्रंकेत आहे. लोकर अजून धड आहे, रंगही उतरलेला नाही. घरातल्या चार बाळांना तो घालून झाला. डाव्या बाहीत आजवर कुणाचाही हात गेलेला नाही.