वरून पाहिलेले ढग

कळवणहून नाशकात येऊन कारखान्यात टर्नर झालेल्या भिमाजीने १९८६ साली काळा-पांढरा टीव्ही घेतला, तेव्हा इंदिरानगरच्या त्या गल्लीत दुसरा नव्हता. बातम्यांच्या शेवटी उपग्रहाने पाठवलेले ढगांचे चित्र येई. ते आले की भिमाजी उठून आवाज बारीक करी, निवेदकाची हिंदी मध्ये यायला नको म्हणून. मग पडद्यावर बोट ठेवून सांगे, "हा उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो. म्हणून सदा आपल्या डोक्यावर. याला सगळं दिसतं."

"मग माझा हरवलेला झारा कुठं हाय, विचारा की त्याला," त्याची बायको नवसाबाई स्टोव्हजवळून म्हणे.

शेजारच्या मळ्यातली यशोदाबाई मात्र मन लावून ऐके. मळेवाल्यांची बाई आपल्या सतरंजीवर बसते, आपल्या घरचा चहा पिते, आपल्याला विचारते, हे भिमाजीला टीव्हीहून मोठे होते.

एप्रिलात तिचा उपटलेला कांदा वावरात सुकत पडला होता. "भाऊ, झाकू का?"

चित्रात समुद्र काळा होता, नाशिककडे पांढरे पसरले होते. भिमाजीने जन्मभर पावसाचे ढग काळेच पाहिले होते.

"पांढरं म्हणजे मोकळं. बिनघोर राहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या.

त्या संध्याकाळी त्याने आवाज बारीक केला नाही. चित्रात पांढरे दिसतात ते ढग, निवेदक सांगत होता. भिमाजीचे कान तापले. ढगाची काळी बाजू खाली असते, उन्हाची वर. काल हा माणूस बोलतच होता, आपणच त्याचे तोंड दाबले.

यशोदाबाईने त्याला बोल लावला नाही. सडका कांदा निवडताना ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "भाऊ तरी काय करतील? ते वरचं यंत्रच लय खोटारडं हाय." कुंपणापलीकडून ते ऐकू येई. भिमाजी लांबच्या रस्त्याने कामाला जाऊ लागला.

आठवड्याने ती पुन्हा सतरंजीवर येऊन बसली. "काय म्हणतंय तुमचं खोटारडं?"

भिमाजीने आवाज मोठा केला.

"यंत्र खोटं नव्हतं," पडद्याकडेच बघत तो म्हणाला. "मला ते कळलं नव्हतं."

"आँ? आवाज कमी करा की! तुमचं काय बी ऐकू येईना."

नवसाबाईने ऐकले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली. भिमाजीचा हात बटणावर होता. त्याने ते फिरवले नाही.