गाऱ्हाण्यातली साक्ष

आमच्या घरी ह्यांचं वकिलीचं ऑफिस पडवीत होतं आणि टीव्ही माजघरात. मधे एक दार होतं, पण ते लावायची पद्धत नव्हती. त्यामुळे केबल आली आणि रात्री आठ वाजताची ती वकिलाची मालिका सुरू झाली, तेव्हा ह्यांचे सगळे पक्षकार कामाच्या निमित्ताने बरोबर पावणेआठला यायला लागले. कागद हातात, चपला पायरीवर आणि डोळे आमच्या माजघरात. चहा मात्र मी करायचा.

त्या मालिकेतला वकील मला डोळ्यांसमोर नको व्हायचा. दिसायला देखणा, केस कपाळावर आणि काम सगळं चोरीमारीचं. एका भागात त्याने समोरच्या वकिलाच्या बॅगेतून पुरावा पळवला. दुसऱ्या भागात डॉक्टरचा कोट घालून हॉस्पिटलात शिरला आणि बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर उठवला. न्यायाधीश त्याच्या घरी जेवायला. आणि कोर्टात उभा राहिला की असा ओरडायचा की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. शेवटी जिंकायचा तोच. आमच्या पडवीतले लोक टाळ्या वाजवायचे.

ह्यांचा स्वभाव म्हणजे त्याच्या नेमका उलटा. हे कोर्टात खोकायचं झालं तरी आधी "माफ करा, साहेब" म्हणणारे. खाली मान घालून, कागद वाचत, एकेक वाक्य सांभाळून बोलायचे. तोवर कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मालिका आल्यावर मात्र वकील कसा असतो ते लोकांना समजलं, आणि आपला वकील तसा नाही हेही समजलं. नारळचोरीच्या प्रकरणातला एक आरोपी तर ह्यांना सरळ म्हणाला, "सायबानु, तुमी बोलतास तेवा पाठीमागसून ता ढॅणढॅण कित्याक वाजणा नाय?"

सगळ्यात पक्की प्रेक्षक होती काकी. वाडीतले लहानथोर सगळेच तिला काकी म्हणत. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. एक होडी, दोन झिल, म्हणजे मुलगे, आणि डोक्यावरची माशांची पाटी, एवढ्यावर तिचं घर चालायचं. तिच्या घरापासून वेळेवर, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर, जायला माडांमधून एक वाट होती. सकाळी पाटी घेऊन ती त्याच वाटेने यायची, आणि पावसाआधी होडी ओढून घराशी आणायची तीही त्याच वाटेने. शेजारच्या जागेच्या मालकाने मुंबईहून येऊन पर्यटकांसाठी खोल्या बांधायला काढल्या आणि त्या वाटेवर आडवा चिऱ्यांच्या भिंतीचा गडगा घातला. होडी वेळेवरच राहिली तर पहिल्या उधाणात तिच्या फळ्या होणार. काकीचं सगळं त्या होडीवर होतं. म्हणून तिने ह्यांच्याकडून दावा लावला होता.

दाव्याची काळजी तिला होतीच, पण तिचा उपाय ती रोज मालिकेतून घेऊन यायची.

"सायबानु, कालचा बगलास? तेणा साक्षीदाराक मोरीत कोंडल्यान."

"बगलंय गो."

"तुमी कदी कोणाक कोंडलास?"

"नाय गो काकी. ता गुन्हो आसा."

"गुन्हो आसा तर तो जिंकलो कसो?"

हे चष्मा काढून पुसायला घ्यायचे. काकी माझ्याकडे बघून मान हलवायची, जणू माझी फसवणूक करून मला ह्या घरात दिली होती. एकदा मालिका ऐन रंगात असताना लाईट गेली. अंधारात सगळे ह्यांच्या मागे लागले की पुढे काय होईल ते सांगा, तुम्ही पण वकीलच ना. हे जरा विचार करून म्हणाले, "त्येची सनद जातली." पडवीतून असा गलका उठला की शेजारचे कंदील घेऊन आले.

हळूहळू लोक जायला लागले. कुडाळला एक वकील होते, काळा चष्मा लावून कोर्टात यायचे आणि टेबलावर मूठ आपटायचे. तीन जण आपले कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. मग काकीही एका संध्याकाळी म्हणाली, "सायबानु, राग मानू नकात. पण माझो साक्षीदार एकच, तोय म्हातारो. तेका कायतरी शिकवा. नायतर माका कुडाळाक जावचा लागतला."

साक्षीदार खरंच एकच होता. नकाशावर वाट नव्हती, कागद एकही नव्हता. होते ते वाडीतले आजोबा, लहानपणापासून त्या वाटेने चाललेले. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता. गावाचं जे काय सुखदुःख असेल ते हात जोडून, डोळे मिटून, एका लयीत ते देवापुढे मांडायचे, आणि प्रत्येक वाक्याला मागे उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. हे आजोबा कोर्टात "ही वाट मी जन्मभर चाललोय" एवढं म्हणणार होते. ते शंभर टक्के खरं होतं.

पण ह्यांना धास्ती वाटायला लागली की एवढं खरं पुरायचं नाही. मला ते दिसत होतं. जेवताना घास हातात धरून बसायचे. मग एक दिवस मला म्हणाले, "अगो, थोडासाच. एकच वाक्य."

"कसला वाक्य?"

वाक्य असं होतं: शेजाऱ्याचा आजा एकदा काकीच्या सासऱ्याकडे नारळ घेऊन आला आणि ह्या वाटेने जाऊ का म्हणून त्याने परवानगी मागितली, हे आजोबांनी स्वतः पाहिलं. म्हणजे वाट काकीच्याच घरची ठरत होती. पण तसं कधीच घडलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, इतकी वर्षं ज्याच्यामुळे घरात पंखासुद्धा जुनाच राहिला तो तुमचा सरळपणा आता त्या केसाळ माणसाच्या नादी लागून घालवणार? हे पडवीत गेले आणि आजोबांना बोलावणं धाडलं.

आता मजा अशी की आजोबांना वाक्य पाठच होईना. नारळ सासऱ्याने दिला की आज्याने, ह्यात ते रोज घोळ घालायचे. एकदा तर नारळच परवानगी मागायला आला. हे हताश झाले. मग काकीनेच डोकं चालवलं: आजोबांना गाऱ्हाणं कितीही मोठं असलं तरी पाठ राहतं, मग साक्षच गाऱ्हाण्यात घाला. आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने आयुष्यात कागदावर एक स्वल्पविराम चुकीचा पडू दिला नाही त्याने, दिवाणी दाव्याची साक्ष गाऱ्हाण्याच्या चालीत लिहून दिली. आजोबांना ती एका बैठकीत पाठ झाली. रोज मालिका संपली की पडवीत तालीम. आजोबा डोळे मिटून सुरू करायचे आणि बाकीचे पक्षकार सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणायचे. एका फौजदारी आरोपीने तर आपलंही तेवढं लिहून द्या म्हणून हट्ट धरला. मी चहा द्यायचा बंद केला, पण कोणाला फरक पडला नाही.

ठरलं असं की कोर्टात चाल सोडायची आणि शब्द तेवढे ठेवायचे. आजोबा "व्हय व्हय" म्हणाले.

तारखेला मीही गेले. मला घरी बसवेना. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायला थोडेच दिवस उरले होते, पाऊस तोंडावर होता आणि होडी अजून किनाऱ्यावर. कोर्टात सगळी वाडी मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेली. न्यायाधीश वऱ्हाडातून नुकतेच बदलून आलेले. शेजाऱ्याचे वकील मुंबईचे, त्यांची मालवणीशी ओळख मसाल्यापुरती. आजोबांनी शपथ घेतली. ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ही वाट तुम्हाला माहीत आहे का?"

आजोबांनी हात जोडले आणि डोळे मिटले. मी बाकाची कड धरली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हंय उबी आसत. जी वाट आमच्या आज्यापणज्यापासून चालती आसा, ती ह्या गडग्यान अडवलेली आसा, ती मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात.

न्यायाधीश दचकले. "मला महाराज म्हणू नका," ते म्हणाले. पण गाऱ्हाणं मधे थांबवायचं नसतं. शिपाई ओरडला, हे हात हलवत राहिले, आजोबांचे डोळे मिटलेले. नारळाचं वाक्य आलं, अगदी बिनचूक आलं. "व्हय म्हाराजा!" मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण गाऱ्हाण्याला शेवट असतो. चुकलंमाकलं सगळं देवाच्या पायाशी ठेवल्याशिवाय ते पुरं होत नाही, आणि आजोबांनी उभ्या जन्मात गाऱ्हाणं अर्धवट सोडलं नव्हतं.

"आणि म्हाराजा, ह्या नारळाचा बोलणा माझा नाय. ता आमच्या वकीलसायबांनी पडवीत बसवन माझ्याकडना घोकान घेतला. ता खोटेपण पोटात घाल, आणि वकीलसायबांच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझी पोरं त्या वेळी शाळेत होती, त्यांना हा आशीर्वाद मिळाल्याचं माहीतही नव्हतं.

आजोबांच्या तोंडात दात नव्हते, गाऱ्हाण्याचा वेग भलता, आणि वर लोकांचा गजर. न्यायाधीशांच्या हाती "म्हाराजा" सोडून काही लागलं नव्हतं. मुंबईचे वकील सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. शिरस्तेदार आमच्याच भागातला, त्याला सगळं कळलं होतं, पण तो वर पंख्याकडे बघत बसला. न्यायाधीश ह्यांना म्हणाले, "वकीलसाहेब, साक्षीदार शेवटी काय म्हणाले ते साध्या मराठीत सांगा. टाईप करायचं आहे."

आता सांगते, त्या क्षणी माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. घरी मी ह्यांच्याशी एवढी भांडले होते, आणि तिथे बाकावर बसून मनातल्या मनात ओरडत होते: सांगा ना कायतरी! म्हणा, देवाचे आभार मानतायत! काकी पदर तोंडात धरून बसलेली. ह्यांनी गळ्याची पांढरी पट्टी सारखी केली.

"साहेब, साक्षीदार म्हणाले की नारळाबद्दलचं वाक्य खोटं आहे. ते त्यांच्या वकिलाने, म्हणजे मी, माझ्या पडवीत त्यांना पाठ करायला लावलं."

टाईप करणाऱ्याची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आणि हे मागचे लोक काय म्हणतात?"

"होय महाराज म्हणतात, साहेब."

"कशाला होय?"

"सगळ्यालाच, साहेब."

तेही टाईप झालं. न्यायाधीशांनी ह्यांना उभं करून जे काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. ऐकताना मला राग आला, रडूही आलं, आणि खरं सांगायचं तर त्या खाली घातलेल्या मानेचा मला अभिमानही वाटला. मुंबईचे वकील उठून म्हणाले, मग ही साक्षच सगळी रद्द धरा. न्यायाधीशांनी आजोबांनाच विचारलं, सावकाश, एकेक शब्द तोडून, "आजोबा, ह्यात खरं किती?"

"खोटा तेवढाच, सायबा. वाट खरी. गडग्याच्या खाली उंडीच्या झाडाचा मूळ आसा, थंय माझो अंगठो फुटलेलो. माझ्या बापाशीचोय फुटलेलो."

न्यायाधीश जागा बघायला स्वतः आले. मूळ अर्धं गडग्याखाली होतं आणि अर्धं बाहेर, आणि बाहेरच्या अर्ध्याला अडखळून ते शिरस्तेदाराच्या अंगावर गेले. वाडीतले लोक हसू दाबून माडांकडे बघत राहिले. पावसाआधी गडगा तेवढा फोडून वाट मोकळी करायचा हुकूम झाला. तोवर ह्यांनी वकीलपत्र सोडलं होतं आणि काकीच्या बाजूने कुडाळचे काळ्या चष्म्याचे वकील उभे होते. त्यांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा न्यायाधीश त्यांना म्हणाले, खाली बसा.

ह्यांच्या सनदेची चौकशी झाली. ह्यांनी सगळं कबूल केलं आणि ताकिदीवर सुटले. पण पडवी रिकामी झाली. ज्यांना खोटं बोलायचं होतं ते अर्थातच आले नाहीत, आणि ज्यांचं खरं होतं त्यांनाही भीती वाटायला लागली की हा माणूस भर कोर्टात काय सांगेल ह्याचा भरवसा नाही. हे खरेदीखतं लिहीत राहिले. मालिका मी माझ्या हाताने बंद केली, कोणी विचारायलासुद्धा आलं नाही.

मृगाच्या आधी काकीची होडी घराशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी घेऊन आमच्या पायरीवर बसली. एक मोठी सुरमई काढून माझ्या हातात दिली आणि पैसे घेईना. मग ह्यांच्याकडे वळली.

"सायबानु, एक इचारू? त्या दिवशी तुमी जज्जाक खरा कित्याक सांगितलास? तेका मालवणी खंय येता?"

"तेका येणा नाय गो काकी," हे म्हणाले. "माका येता."