खुराड्याची कडी

कोंबडीचा खरा शत्रू ओळखणं हे सोपं ज्ञान नव्हे. आमच्या निपाणीत ते मला एकाच माणसापाशी आढळलं. ते जैन वेल्डर आहेत. स्वतः अंडंही खात नाहीत, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून हातातलं काम टाकून घरी जातात.

मुंगसानं आमची एक कोंबडी नेली, तेव्हा परसात खुराडं करायला मी त्यांनाच बोलावलं. त्यांनी जाळी वीतभर जमिनीत पुरली. मग कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत प्रत्येक सांध्यात दोन बोटं घालून पाहिली.

"दोन बोटं गेली की मुंगूस आत गेलं म्हणायचं, सर."

शेवटी दार बसवलं आणि कडी माझ्या हातात ठेवली. "ही तुमची तुम्ही बसवा."

"का हो, अण्णा?"

"मुंगूस, कुत्रं, मांजर, समद्यांस्नी अडवलंय. कडी काढून हात घालणाऱ्याला अडवायची जाळी मिळत न्हाय बघा."

मी हसलो. ते हसले नाहीत. कडी मी जरा वाकडी बसवली, पण लागते.

तेव्हा कोंबड्या सात होत्या. गेल्या महिन्यात ते सहज डोकावले, तेव्हा चार होत्या. त्यांनी गुडघे टेकून सगळ्या सांध्यांत पुन्हा दोन बोटं घालून पाहिली, सावकाश.

"जाळी शाबूत हाय, सर," म्हणाले आणि जेवायला गेले.

रविवारी माझे मेहुणे येऊन गेले. जाळी अजून शाबूत आहे. कोंबड्या तीन आहेत.