वासुदेव बिर्ज्यांचं कन्नड

वासुदेव बिर्जे दोनदा आमदार झाला, आणि दोन्ही वेळा एकाच मागणीवर: आमचा सीमाभाग महाराष्ट्रात घाला. आता गंमत बघा, जायचं महाराष्ट्रात आणि बसायचं बंगळूरच्या विधानसभेत. पंच्याऐंशी साली पहिल्याच दिवशी गड्यानं आण घेतली, की यापुढं कन्नडचा एक शब्द तोंडातून काढणार नाही. आईचं माहेर धारवाडकडचं, कन्नड त्याला दुधाबरोबर आलेलं. पण आण म्हणजे आण. भाषण झालं की कारकून अदबीनं कन्नड तर्जुमा मागायचा, हा द्यायचा नाही. नऊ वर्षं तावातावानं बोलला, आणि काय बोलला ते समोरच्यांना कधी कळलंच नाही. चौऱ्याण्णवला लोकांनी घरी बसवलं. मग बायको गेली, आणि मुलगा अरुण त्याला अबुधाबीला घेऊन आला.

अबुधाबीत काय, तर सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि एसीची घरघर. अरुण आणि सून सुजाता सकाळी सातलाच ऑफिसला पळायची. नात मिहिका शाळेतून आली की हा विचारायचा, काय शिकलीस गं आज? ती "नथिंग, आजोबा" म्हणायची आणि टीव्ही लावायची. ज्याच्या दारात सकाळी पन्नास जोडे निघायचे, त्याला दिवसभर हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. एकटेपणानं तो पार खचला होता, पण सांगणार कुणाला?

अशात बिल्डिंगखालच्या बाकावर मल्लप्पा भेटला. राणेबेन्नूरकडचा शेतकरी, नोकरी करणाऱ्या लेकीकडं राहायला आलेला, कन्नडशिवाय दुसरं अक्षर येत नाही. किती वर्षांनी ते बोल कानावर पडले आणि वासुदेवाचा जीव कासावीस झाला. पण हट्टी मेला! मान हलवून त्यानं खूण केली, कळत नाही.

मल्लप्पा तरीही बोलत राहिला. रोज तंबाखू मळून अर्धी याच्या हातावर ठेवायचा आणि सुरू व्हायचा. जावयाचा राग, विकलेली बैलजोडी, मेलेला भाऊ. न कळणाऱ्या माणसापाशी झाकून काय ठेवायचं? वासुदेव समोरच्या रस्त्याकडं बघत बसायचा आणि शब्द न् शब्द ऐकायचा. दिवसातला तेवढाच एक तास त्याला जगल्यासारखं वाटायचं.

सहा महिने असे गेले. एका सकाळी मल्लप्पा छाती चोळत बसला. चार दिवस डाव्या हातात कळ येतेय, म्हणाला, पण लेकीला सांगणार नाही. सांगितलं तर दवाखान्यात घालतील, आणि मला मरायचंय माझ्या शेतात. "तुला कळत नाही तेच बरं आहे," असं म्हणून तो वर गेला.

वासुदेव ताडकन उठला. आण मोडली तर मोडू दे, खड्ड्यात गेली ती. पण चुगली करणाऱ्याशेजारी मल्लप्पा पुन्हा बसेल का? या परमुलखात त्याला तेवढंच एक माणूस होतं. गप्प बसावं, तर तेही हकनाक मरायचं. तासभर तो बाकाभोवती येरझाऱ्या घालत राहिला. शुक्रवार होता, लेक घरीच असणार. शेवटी तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यानं बेल दाबली. लेकीनं दार उघडलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा वासुदेव आमदार कन्नड बोलले. कुठं अडखळले म्हणाल, तर नाही.

मल्लप्पा वाचला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी विमानानं गावी जायची परवानगी दिली आणि जावयानं तिकीट काढलं. निघायच्या दिवशी सामान टॅक्सीत चढत असताना तो बाकापाशी आला. वासुदेव शिव्या खायच्या तयारीनं उठून उभा राहिला. पण चुगलीबद्दल मल्लप्पानं चकार शब्द काढला नाही.

"पहिल्या दिवसापासून कळत होतं?" त्यानं विचारलं.

"होय," वासुदेव कन्नडमध्येच म्हणाला.

"मग एक हूं तरी द्यायचास रे. सहा महिने मी भिंतीशी बोलत होतो. तुझ्याशिवाय मला तरी इथं कोण होतं?"

वासुदेवाला रडू कोसळलं. बायकोच्या दुखण्यापासून सगळंच त्याला सांगायचं होतं, आणि तेही कन्नडमध्ये. पण टॅक्सीवाल्यानं "यल्ला, यल्ला" अशी घाई करत मल्लप्पाला आत बसवलं आणि गाडी सुरू केली.