हार्टलेच्या मृत्युपत्रातले मूल

श्रूजबरी हे गाव मी प्रथम पाहिले ते मोटारीच्या काचेतून. बॉस्टनच्या विमानतळावर जावई नितीन न्यायला आला होता. रस्त्याच्या दुतर्फा दाट झाडी होती आणि झाडीत मधूनमधून रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती. त्यांना चुना लावलेला नव्हता, मातीही नव्हती. आमच्या अलिबागेकडे अशा भिंतीला गडगा म्हणतात.

"हे गडगे कोणाचे?" मी विचारले.

नितीन नागपूरचा. "गडगे म्हणजे काय, बाबा?"

मी बोट दाखवले.

"अच्छा, ते! जुन्या फार्मर लोकांचे आहेत म्हणे. आता काय, सगळं जंगलच आहे."

जंगलात कोणी गडगा घालीत नाही. म्हणजे येथे शेते होती. माणसे शेते सोडून गेली आणि झाडे परत आली. घर येईपर्यंत मी त्या भिंतींकडे पाहत होतो.

मुलगी वैशाली आणि नितीन दोघेही संगणकाच्या कामावर. दिवसभर घरात मी एकटा. झाडांची पाने लाल होऊ लागली होती. तो रंग पाहायला लोक गाड्या काढून डोंगरात जातात. मी गेलो नाही. तो दारातच होता. सकाळी मी पायी गावाच्या मध्यावर जाई. तेथे कॉमन (सर्वांच्या मालकीचे हिरवळीचे मैदान, पूर्वी त्यावर गावाची गुरे चरत) आहे, त्याला लागून पांढरे लाकडी चर्च आणि जुनी दफनभूमी. तेथील शिळा पाटीच्या काळ्या दगडाच्या, पातळ आणि किंचित कललेल्या. अक्षरे अजून वाचता येतात.

तेथेच मार्थाबाई भेटल्या. एका शिळेपाशी गुडघे टेकून त्या मऊ ब्रशाने शेवाळ काढीत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत झाले. येथे मराठीत देतो.

"कोणाला शोधताय?"

"कोणालाही नाही. वाचतो आहे."

"मग आपलं जमेल," त्या म्हणाल्या आणि दुसरा ब्रश माझ्या हातात दिला.

त्यांनी आपल्याला नुसते मार्था म्हणावे असे सुचवले. मला ते जमेना. मी मार्थाबाई म्हणू लागलो. बाई म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. मान, असे मी सांगितले. "मग असू दे," त्या म्हणाल्या. "इथे कोणी देत नाही."

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी संपादित केला आहे, हे मी त्यांना सांगितले. सर्व शाखा, सर्व पिढ्या, एका ग्रंथात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माझी बरीच वर्षे त्या कामात गेली. हे ऐकताच त्या उठल्या. "चला, माझ्याकडे एक माणूस आहे. तुम्ही त्याला भेटायलाच हवं."

त्यांचे घर चर्चच्या समोरच होते. खोल्यांतून पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. थंडी पडण्याआधी घर विकून त्या वृद्धांच्या निवासात राहायला जाणार होत्या. कुटुंबाच्या कागदांची एक पेटी तेवढी गावाच्या इतिहास मंडळाला द्यायची होती. त्यातला माणूस म्हणजे एडमंड हार्टले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी इंग्लंडात सफक परगण्यात तो राहत होता. दर्जाने जेंटलमन. म्हणजे स्वतः नांगर न धरणारा, पण सरदारही नव्हे. आपल्याकडच्या एखाद्या लहान वतनदारासारखा. कोणत्याही इतिहासात त्याचे नाव नाही. त्याचा पणतू जहाजाने या किनाऱ्यावर आला आणि येताना थोडे कागद घेऊन आला.

मार्थाबाईंनी पेटीतून एक कातडे काढून मेजावर उलगडले. जमिनीचा करार होता. वरची कड सरळ नव्हती, दातेरी होती. त्या काळी एकाच कातड्यावर मजकूर दोनदा लिहीत आणि मधून वेडेवाकडे कापीत. एक तुकडा मालकाकडे, दुसरा कुळाकडे. पुढे भांडण झाले तर दोन्ही तुकडे जोडून पाहायचे. दातांत दात बसले तर करार खरा.

"हात लावा," मार्थाबाई म्हणाल्या. "तो काही बोलणार नाही."

मी हात लावला. कातडे ताठ होते आणि थंड. ओळी मोडीसारख्या, लेखणी न उचलता गेलेल्या. खाली त्याची सही. साडेचार शतकांपूर्वी ज्या ठिकाणी त्या माणसाने मनगट टेकले असेल, त्याच ठिकाणी माझे मनगट होते. इतके जुने आणि इतके खाजगी असे काही मी यापूर्वी हाताळलेले नव्हते. मार्थाबाईंनी घाई केली नाही.

मग त्यांनी आपला प्रश्न सांगितला. त्यांच्या आजोबांनी इंग्लंडातल्या चर्चच्या नोंदी उतरवून आणवल्या होत्या. प्रत्येक नोंद जाड कागदाच्या एका पत्त्यावर, पत्ते महिन्यांप्रमाणे लावलेले, जानेवारी ते डिसेंबर. एका सालात तीन पत्ते होते. फेब्रुवारीत एडमंडचा मुलगा निकोलस याचा बाप्तिस्मा. सप्टेंबरात एडमंडचे मृत्युपत्र. ऑक्टोबरात एडमंडचे दफन. मार्थाबाईंचे घराणे या निकोलसचे. मृत्युपत्राची नक्कल पेटीत होती. घर आणि जमीन थोरल्या टॉमसला. बायको अ‍ॅग्नेसला दुभती गुरे आणि तिची खोली. शेवटी, "माझी पत्नी जे मूल वाहते आहे, ते देवाने जगवले तर त्यास माझा उत्तम बिछाना, वीस मेंढ्या आणि माझी अंगठी." निकोलसचे नाव कोठेही नाही.

"घरात सात महिन्यांचं पोर रांगतंय," मार्थाबाई म्हणाल्या. "पोटातल्या मुलाला अंगठी देतो आणि रांगणाऱ्याला काहीच नाही? बाप मुलाला असा कसा विसरतो? पेटी जाण्याआधी मला एवढंच हवं आहे."

मी पत्ते दोनदा पाहिले. पुढच्या सालात अ‍ॅग्नेसला मूल झाल्याची नोंद नव्हती. माझा निर्णय झाला.

"तो विसरला नाही," मी म्हणालो. "निकोलस त्याचा मुलगाच नसावा. त्या गावात एडमंड नावाचे दोघे असतील. मृत्युपत्रात नाव नसेल तर शाखा जोडता येत नाही. आमच्या ग्रंथात अशा घराण्यांसाठी परिशिष्ट असते. न जुळलेल्या शाखा."

"परिशिष्ट," त्या म्हणाल्या. त्यांनी कातडे गुंडाळले. चहा विचारला, पण तो कपात ओतायचा राहिला.

दोन दिवसांनी वैशाली कामावरून आली ती तावातावाने.

"बाबा, तुम्ही मार्थाला काय सांगितलंत? आत्ता तिच्या मेलबॉक्सपाशी भेटली. एकदम गप्प गप्प होती."

मी सांगितले.

"बाबा! तिनंच मला मागे सांगितलं होतं, तिचे वडील वॉरमध्ये शिपवर होते. शिप अटलांटिकमध्ये बुडालं, आणि ही त्यानंतर जन्मली. बाप मुलाला कसा विसरतो, असं ती उगाच विचारत नाहीये. आणि तुम्ही तिला अपेंडिक्समध्ये टाकून आलात!"

"ऑपरेशन करून बाहेरच काढलं म्हणा ना," नितीन स्वयंपाकघरातून म्हणाला. "बाबा, सॉरी म्हणून टाका यार."

"चूक असेल तर म्हणेन. पुरावा होता तसे सांगितले."

"ओरिजिनल पाहिलंत का?" वैशालीने विचारले. "की नुसते ते पत्ते?"

मला ते झोंबले. मूळ पाहिल्यावाचून मत देऊ नये, हे आमच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मीच लिहिले आहे.

शनिवारी वैशालीने आम्हा दोघांना शेजारच्या वूस्टर शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात सोडले. मार्थाबाई वाटेत हवेबद्दल बोलल्या, इतर काही नाही. आत शिरताना माझे शाईचे पेन काढून घेण्यात आले. कागदांजवळ शाई नेता येत नाही, शिसपेन्सिल मिळते. नियम चांगला आहे. पेन गेल्यावर मात्र खिसा रिकामा वाटत राहिला.

चर्चच्या मूळ वहीची छायाचित्रे फिल्मच्या रिळावर होती. ग्रंथपालाने रीळ यंत्रात घालून दिले. हाताने दांडी फिरवायची आणि पाने पडद्यावरून सरकत जातात. ती लिपी मला वाचता येईना. मार्थाबाईंनी ती म्हातारपणी वर्गाला जाऊन शिकून घेतली होती. एकेक अक्षर बोटाने दाखवीत त्या वाचीत.

दफन सापडले. एडमंड हार्टले, जेंटलमन. एक ओळ. आधीची ओळ एका विधवेची, नंतरची एका मुलाची. तिघांचीही अक्षरे सारख्याच आकाराची.

"आता मागे चला," मी म्हणालो. "फेब्रुवारीकडे."

त्यांनी दांडी फिरवली. पाने पुढे सरकू लागली. नोव्हेंबर आला.

"उलट. तुम्ही पुढे चालला आहात."

"हे हँडल माझ्यासारखंच म्हातारं झालंय," त्या म्हणाल्या, पण हात थांबला नाही. डिसेंबर गेला. जानेवारी आला. एक जोराचा हिसका बसला आणि पान थांबले. मार्थाबाई पुढे वाकल्या. "थांबा. निकोलस. एडमंडचा मुलगा. फेब्रुवारी."

मी पडद्याजवळ गेलो. दफन आधी होते. बाप्तिस्मा नंतर. आणि साल तेच. मी त्यांना आणखी थोडे पुढे जायला सांगितले. मार्चचा शेवट आला, मोठी रेघ आली आणि रेघेखाली नव्या सालाचा आकडा.

ग्रंथपाल मागे उभा होता. "तेव्हा इंग्लंडात वर्ष पंचवीस मार्चला लागत असे," तो म्हणाला. "जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी."

मला कानशिलांत ऊब जाणवली. ज्याच्या घरी चैत्रात गुढी उभारतात, पौष, माघ, फाल्गुन सरल्यावर ज्याचे वर्ष बदलते, त्याने हे विचारायला हवे होते. आजोबांनी पत्ते जानेवारीपासून लावले आणि मीही ते तसेच वाचले. निकोलस बापाच्या मरणाआधी जन्मलेला नव्हता. अंगठी ज्याच्यासाठी ठेवली होती, तो हाच.

नकलेतला मजकूर मी पुन्हा मनाशी म्हणून पाहिला. माणूस मरणाला टेकला आहे. मूल अजून मूल झालेले नाही. त्याला नाव नाही, मुलगा की मुलगी हे ठाऊक नाही, जगेल की नाही हेही नाही. तरी लिहिणाऱ्याला थांबवून तो त्याच्यासाठी बिछाना लिहवतो, मेंढ्या लिहवतो, अंगठी लिहवतो. मी पुष्कळ वंशावळी पाहिल्या आहेत. त्यांत जन्मलेल्यांनाच जागा असते. जो अजून नाही, त्याला कोणी जागा करून दिल्याचे मी प्रथमच पाहत होतो. त्या जागेवरून चालत आलेली एक बाई माझ्या शेजारी दांडी धरून बसली होती.

"त्याला ठाऊक होतं," मार्थाबाई म्हणाल्या.

"होय. मी चुकलो."

"मिस्टर कर्णिक, मी परिशिष्टातून बाहेर का?"

"बाहेर. मुख्य शाखा."

"मग जेवण तुमच्याकडून."

रस्त्यापलीकडच्या खानावळीत आम्ही चाउडर (शिंपल्यांची दुधातली दाट आमटी) घेतले. शिंपले म्हणजे आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांचेच भाऊबंद. दुधात घालण्याची कल्पना मला मानवली नाही. तरी वाडगा संपवला. खाऊन झाल्यावर मार्थाबाईंनी आपण होऊन सांगितले. वडिलांचे जहाज बुडाले तेव्हा आईला दिवस जाऊन थोडेच आठवडे झाले होते. आईने ते कळवणारे पत्र टाकले होते. ते परत आले नाही. उत्तरही आले नाही.

"पोचलं असेल तर त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "नसेल तर नव्हतं. सगळा जन्म मी या दोन वाक्यांत काढला."

पेटीबरोबर द्यायची नवी वंशावळ मी माझ्या हाताने काढून दिली. एडमंडच्या खाली निकोलस, आणि त्यापुढे कंसात, "पित्याच्या पश्चात जन्म, पित्यास ठाऊक होते." तेथून खाली उतरत अखेरच्या ओळीत मार्थाबाई आल्या. मी कंस उघडला आणि थांबलो.

"तेच लिहा," त्या म्हणाल्या.

"पुरावा नाही."

"ठाऊक आहे मला. लिहा तरी."

मला ते लिहिता येईना. जे सिद्ध नाही ते मी आजवर लिहिलेले नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी शिसपेन्सिल बाजूला ठेवली, शाईचे पेन घेतले आणि लिहिले: "पित्याच्या पश्चात जन्म, आईने पत्र टाकले होते."

त्यांनी चष्मा लावून वाचले.

"हो," त्या म्हणाल्या. "टाकलं होतं."

पुढच्या आठवड्यात मी परतलो. निघण्याच्या सकाळी मार्थाबाई दारात आल्या होत्या. पेटी मंडळाकडे गेली होती. वंशावळीची एक प्रत त्यांनी नव्या खोलीसाठी ठेवून घेतली. आम्ही हात मिळवला. पुन्हा भेटू, असे दोघांपैकी कोणीही म्हणाले नाही.

विमान बॉस्टनहून संध्याकाळी सुटले. किनारा मागे पडला आणि खाली अटलांटिक आला, करडा आणि सपाट. या पाण्यावरून निकोलसचा नातू आला होता आणि याच पाण्यात ते जहाज गेले. कागद जेथवर नेतो तेथवरच मी आजपर्यंत गेलो आहे. त्या पत्राचे पुढे काय झाले, हे सांगणारा कागद कोठेही नाही. हवाईसुंदरीने खिडकीची झडप ओढून घेण्यास सांगितले. मी थोडा वेळ मागितला आणि उजेड असेपर्यंत खाली पाहत राहिलो.